वॉटांचा बाजार

आमच्या इंदुरात गाडीतल्या गाण्याची चौकशी ‘काय ऐकता?’ अशी कुणी करत नाही. ‘कितने वॉट?’ एवढंच विचारतात. माझं मागणं फार नव्हतं. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला अतिविलंबित ख्याल लावला, की मागचा तंबोरा ऐकू यावा. आमच्याच गावाच्या नावाचं घराणं! शिवाय पलासियाच्या सिग्नलला चौदा मात्रांचं अख्खं आवर्तन आरामात बसतं. पण गाडीसोबत आलेल्या स्पीकरमधून तंबोऱ्याच्या जागी नुसती घरघर.

जेल रोडवरच्या एका दुकानात पोरानं खोका आपटला. “अंकल, पाँच सौ वॉट! शादी में बजा दो.” खोका उलटा केला, तर पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘आरएमएस 60’. पाचशे ही क्षणभराची उडी, सलग झेपतात ते साठच. स्थळ सांगून येताना मुलाच्या पगारात दिवाळीचा बोनसही धरलेला असतो, त्यातलाच हा प्रकार.

तरी मला हवे होते कंपोनंट, म्हणजे सुटे बसवायचे स्पीकरच. कोएक्शियलमध्ये बारीक सुरांचा ट्वीटर खर्जाच्या वूफरच्या डोक्यावरच बसवलेला, आणि वूफर दारात खाली. म्हणजे तंबोऱ्याची सगळी जवारी, तारांचा तो बारीक झणकार, गुडघ्यांनी ऐकायची. कंपोनंटमध्ये वूफर दारात, ट्वीटर वर आरशाजवळ, आणि मध्ये क्रॉसओव्हर, जो खर्ज खाली धाडतो आणि जवारी वर कानाशी.

मग यांना वीज कोण पुरवणार? पोरगा म्हणाला, स्टीरिओ आहे ना, पन्नास गुणिले चार! आमची ही शाळेत फिजिक्स शिकवते. तिनं बिलाच्या मागेच मांडलं: चालू गाडीत 14.4 व्होल्ट, स्पीकर 4 ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट, म्हणजे आठ. “अहो, काही वाया गेलं नाही असं धरलं तरी स्वच्छ आवाजाचे सव्वीसच वॉट येतात. पन्नास कुठून आणले यांनी?” पोरानं खोक्यावर बोट ठेवलं. “भाभीजी, लिखा तो है.”

तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर आला. बॅटरीपासून जाड तांबडी वायर, बॅटरीजवळच फ्यूज, सीटखाली डबा. फिटिंगवाल्यानं गेनचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला आणि दिग्विजयी चेहऱ्यानं म्हणाला, “आवाज बढ़ा दी, भिया.” गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टीरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्पचं माप जुळवायचा तो स्क्रू. भलताच पिळला की सूर फाटतो आणि आधी जळतो तो बिचारा ट्वीटर. मी सांगितलं. त्यानं ऐकलं आणि दुसऱ्या गाडीकडे गेला.

गाडी निघाली आणि खाँसाहेबांच्या मागे एक ‘कुंईंई’ सुरू झालं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढे, सोडला की उतरे. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, “अरे, तंबोरा चढतोय. थांबव, मिळवून घेऊ.” परत दुकानात गेलो तर सल्ला मिळाला, “अंकल, गाड़ी धीरे चलाओ.”

शेवटी ओळखीतला एक म्हातारा ऑटो-इलेक्ट्रिशियन भेटला. सीट सरकवून त्यानं अर्थिंगचा बोल्ट काढला. खाली रंग जसाच्या तसा! रंगावर अर्थ लागणार कसा, आणि इंजिनासोबत फिरून वीज करणाऱ्या अल्टरनेटरची कुंई जाणार कुठे? त्यानं सँडपेपरनं रुपयाएवढी जागा घासली. नव्या गाडीचा रंग भुगा होऊन पडताना मी पलीकडे बघत राहिलो. चकचकीत पत्रा दिसल्यावर त्यानं वायरीचा लग आवळला, स्टीरिओकडून येणारी आरसीए वायर तांबड्या वायरीपासून सोडवून गाडीच्या दुसऱ्या बाजूनं नेली आणि गेन अर्ध्याच्याही खाली आणला.

कुंई गेली. जवारी अशी खुलली की बाबांनी मान डोलावली. मग तबल्याचा बायां घुमला आणि त्यांनी भुवई वर केली.

“बायां सुंदर. पण ख्यालात टाळ कोण वाजवतंय?”

दाराचं अस्तर वाजत होतं. ही थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट विचारायला पुन्हा जेल रोड गाठला. पोरगा खुशीत होता. “अभी आगे के दो दरवाज़े करा लो, अंकल. फिर पीछे वाले बजेंगे.”