‘हळद लावा, उचला आणि पळा’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, लेकरू भाजलं, जखमी झालं तर दवाखान्यात नेईपर्यंत काय करायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. तुम्ही लिहिलंत, “शहरात बसून वीस मिनिटं पाणी ओता म्हणायला काय जातं? आमच्या धडगावकडच्या पाड्यावर गाडी यायलाच दोन तास. पोरगं भाजलं की हळद लावायची, उचलायचं आणि पळायचं.”

गाडीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण सातपुड्यात जिथे रस्ताच नाही तिथून माणसाला बांबूच्या झोळीत घालून डांबरीपर्यंत आणावं लागतं. आणि मी लेखात लिहून बसलो होतो, ‘१०८ ला फोन करा आणि वाट बघा’. ते चुकलंच.

हळदीचं मात्र मान्य नाही. शहरातला म्हणालात, तर मी यावल तालुक्यातला. तीन वर्षांपूर्वी थंडीत आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांचा जाळ विझला, वांगी काढून झाली, सगळे ठेचायला बसले. वरून नुसती पांढरी राख दिसत होती. माझी चार वर्षांची पुतणी पळत आली ती थेट त्या राखेत. खाली निखारे होते. कुणीतरी हळदीची पुडी पुढे केली, मीच ती दोन्ही तळव्यांवर थापली आणि मोटारसायकल काढली. दहा पावलांवर हौद भरलेला होता, तिकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. दवाखान्यात डॉक्टरांना भाजलंय किती खोल ते बघायचं होतं, म्हणून ती हळद धुऊन काढावी लागली. पोर तेव्हा जी ओरडली, तेवढी निखाऱ्यात पाय पडल्यावरही ओरडली नव्हती. पायातले चांदीचे वाळे सुजेत रुतले होते, ते पक्कडीने तोडले. मळ्यातच काढले असते तर अर्धं मिनिट लागलं असतं.

निखाऱ्यातून पाय बाहेर आला तरी आतली धग कातडी भाजतच राहते. ती पाण्यानेच उतरते, आणि भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. म्हणजे गाडी यायलाच दोन तास लागतात म्हणूनच हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त लागू. जीप येईपर्यंत वीस मिनिटं तशीही जातातच. बर्फ नको, साधं गार पाणी, तेही फक्त भाजल्या जागेवर. बाकी अंग गोधडीत. लहान लेकरू फार लवकर गारठतं. मग वर धुतलेलं सुती कापड सैल टाकायचं. कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही.

रक्त वाहत असेल तर नुसतं पळणं आणखी महागात पडतं. दहा किलोच्या लेकराच्या अंगात रक्त असतं साधारण ८०० मिलिलिटर. चहाचे दोन मोठे ग्लास गेले की पाव हिस्सा गेला! जखमेवर कापड ठेवून तळहाताने दाबून धरायचं. थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरं. झोळीला चार खांदे असतील, तर पाचव्या माणसाचं वाटभर तेवढंच काम.

एका ठिकाणी मात्र तुमचं ‘पळा’ बरोबर आहे. लेकरू मार लागून गप्प पडलंय, हाक मारली तर डोळे उघडत नाही, पुन्हा पुन्हा ओकतंय, असं असेल तर घरी एक मिनिटही घालवू नका. (रडणाऱ्या पोराकडे सगळे धावतात, गप्प पडलेलं राहून जातं.) श्वास चालू असेल तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून कुशीवर वळवायचं, म्हणजे ओकारी घशात जात नाही, आणि तसंच न्यायचं. श्वासच नसेल तर जागेवरच छाती दाबायला आणि तोंडाने श्वास द्यायला लागायचं, गाडी दुसऱ्याने बघायची.

लेखातलं वाक्य आज बदललं. आता ते असं आहे: ‘१०८ ला फोन करा, गावातल्या जीपवाल्यालाही उठवा, जी आधी मिळेल ती घ्या; तोवर पाणी ओतत राहा.’ वाळ्यांचं तर मी लिहिलंच नव्हतं. तेही घातलं.