ट्रेलरवरून पुण्याहून कोइमतूरला नेलेल्या पोर्शे ९११ च्या २ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमच्या मुख्य चार तक्रारी आहेत, गाडी उलटी चढवली, बॉडीला किंवा टो हुकला (गाडी ओढायच्या कडीला) न बांधता नुसते टायरवर बेल्ट टाकले, तुम्ही खंबाटकी घाटापर्यंत मागून येत होतात तेव्हा गाडी ट्रेलरवर डुलताना दिसली आणि कारी स्पीडवेला, म्हणजे तिथल्या रेस ट्रॅकला, सकाळी मिळायची ती दुपारी मिळाली. गाडीला एक ओरखडा नाही हेही तुम्हीच लिहिलंय त्याबद्दल आभार. पण हे वाचून उद्या कुणी आपली गाडी बॉडीला आवळून पाठवली तर नुकसान त्याचं होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी डुलण्याचं. सर डुलत होती ती बॉडी, चाकं जागची हलली नव्हती, प्रत्येक स्टॉपचे फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आहेत त्यात बघा. आपण चारही टायरवरून बेल्ट घेतो, चाक ट्रेलरला जखडलं जातं आणि वरची गाडी रस्त्यावर चालते तशी स्वतःच्या सस्पेन्शनवर खालीवर होते. हेच बॉडी खाली ओढून बांधली तर उभी असताना एकदम टाइट दिसते, पण खड्डा आला की सस्पेन्शन अजून दबतं, बेल्ट तेवढ्यापुरता सैल पडतो, हुक निसटू शकतो, आणि गाडी वर आली की त्याच बेल्टला झटका. पुण्यापासून कोइमतूरपर्यंत असे झटके किती बसतील विचार करा. टो हुक तर आट्यांवर बसवायचा असतो, सरळ ओढायला आणि विंचने चढवायला तो चांगला, तिरका ताण दिला तर वाकतो. आणि खाली हात घालून हुकला जागा शोधायला गेलं की सापडतो तो कंट्रोल आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) नाहीतर ब्रेकचा पाइप, तिथे आमची पोरं हात लावत नाहीत, लावूही देणार नाही मी.

गाडी दीड टनाची आहे. माल बांधायचं युरोपचं जे स्टँडर्ड आहे, ईएन १२१९५, त्यात ब्रेकिंगला पुढच्या बाजूला वजनाच्या ८०% आणि बाजूला, मागे ५०% जोर धरतात. म्हणजे कुत्रं आडवं आलं आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला तर १२०० किलो पुढे ढकलणार. हँडब्रेक लावतोच, चाकांना गुटकेही लावतो, पण नुसत्या गिअरच्या पार्क पोझिशनच्या भरवशावर ठेवली तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतो, त्या गाडीची ती खिट्टी बदलायचा खर्च तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

उलटी का चढवली? कारण ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे, ६० टक्क्यांच्या आसपास वजन मागे. पिकअपच्या मागे ओढायच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५% भार पुढे हिचवर, म्हणजे पिकअपला जोडायच्या जागी, लागतो. तोंड पुढे करून चढवली तर जड बाजू ट्रेलरच्या शेपटीला जाते, हिच हलका होतो आणि उतारावर ट्रेलर डावीउजवीकडे झुलायला लागतो, एकदा लागला की सावरणं फार अवघड. म्हणून तुमच्या गाडीची पाठ पुढे घेतली. इंजिन पुढे असलेली गाडी असती तर सरळच चढवली असती. रॅम्पखाली फळ्या लावून चढाव कमी करण्यात वेळ गेला तो पण याचसाठी, मागचा बंपर घासला असता.

उशिराचं म्हणाल तर बेल्ट पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतो, थोडा सैल होतोच, कितीही आवळा. म्हणून खेड शिवापूर टोलच्या पुढे एकदा आणि घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला एकदा रॅचेट (बेल्ट आवळायचा खटका) तपासायचाच, पुढेही प्रत्येक डिझेल-चहाला. स्पीड ६० च्या वर नाही. हे बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलेलं होतं आणि पोचायची वेळ अंदाजे असंही. ड्रायव्हरला ‘पळव’ म्हणून फोन मी करत नाही, त्यामुळे उशिराचे पैसे परत देणार नाही.

कव्हर टाकलं नाही असंही शेवटी लिहिलंय. उघड्या ट्रेलरवर वाऱ्याने कव्हर फडफडतं, खालची धूळ पेंटवर घासली जाते, धुळीने माखलेली गाडी धुता येते सर.

परतीचं बुकिंग अजून आमच्याकडेच आहे म्हणून एक विनंती. ट्रॅकवर टायर गरम झाल्यावर तुम्ही हवा कमी कराल, टायर गार झाले की ती अजून कमी होते आणि मऊ टायरवर बेल्ट धरून राहत नाही. तर चढवायच्या आधी चारही टायरमध्ये गार असताना नॉर्मल हवा भरून ठेवा, आणि अलार्मचा टिल्ट सेन्सर (गाडी कलली की अलार्म वाजवणारा) बंद करून किल्ली ड्रायव्हरकडे द्या, नाहीतर रस्ताभर अलार्म वाजून बॅटरी उतरते.