इनबॉक्समधलं चव्हाट्यावर आणताना

"मला आलेला मेसेज आहे, मी काहीही करीन" म्हणणारा आणि "न विचारता स्क्रीनशॉट टाकलास, सायबरला केस करतो" म्हणणारा, दोघेही ऐकीव कायद्यावर बोलत असतात. आलेलं चॅट उघड करणं हाच सरसकट गुन्हा, असं कलम आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७२-अ लोक तोंडावर फेकतात, पण ते करारानुसार सेवा देताना हाती आलेली माहिती फोडणाऱ्यासाठी आहे. तुमच्या मावसभावासाठी नाही.

लोक अडकतात ते अब्रुनुकसानीत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. "अहो, पण खरंच आहे ना ते!" एवढ्याने भागत नाही. फौजदारी खटल्यात हा बचाव घ्यायचा तर मजकूर खरा होता आणि तो उघड करणं लोकहिताचं होतं, हे दोन्ही दाखवावं लागतं. नणंद-भावजयीची धुसफूस किंवा भिशीच्या थकलेल्या हप्त्यात लोकहित कुठून काढणार?

शिवाय मजकूर तुमचा नाहीच. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा, हे इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोपच्या पत्रांवरून १७४१ सालीच ठरलंय. "जेवलास का?"वर कुणी कॉपीराइट सांगणार नाही, पण विश्वासाने लिहिलेल्या चार पानी मेसेजची गोष्ट वेगळी.

धमकी किंवा घाणेरडे मेसेज पाठवणाऱ्याला मात्र "ते खासगी होतं" म्हणायचा अधिकार माझ्या लेखी उरत नाही. तरी आधी पुरावा, मग पोस्ट. पोस्ट दिसली की समोरचा सावध होतो, आणि इन्स्टाग्रामवर पाठवलेला मेसेज कधीही मागे घेता येतो. चॅट एक्सपोर्ट करा, मूळ फोनमधलं पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसू द्या. नाव काय, कुठलाही नंबर कुणाच्याही नावाने सेव्ह करता येतो, खोटे स्क्रीनशॉट असेच बनतात. कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं, नुसती प्रिंट चालत नाही.

ऑफिसमधला लैंगिक छळ असेल तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ नीट वाचा: तक्रारीतला मजकूर, तक्रारदार बाई, ज्याच्यावर आरोप तो आणि साक्षीदार यांची ओळख, काहीच जाहीर करता येत नाही. मैत्रिणीच्या वतीने चिडून पोस्ट टाकणारे इथे तिचंच नुकसान करतात.

एवढं करूनही टाकायचंच ठरलं, तर झाकताना घोळ होतो. फोनमधल्या मार्करने नाव खोडतात. तो बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसतात. पुसट केलेला नंबरही कधी कधी ओळखता येतो. त्यावर भरीव काळा चौकोन टाका. वरचं नाव झाकलं, पण मेसेजला दिलेल्या रिप्लायच्या पट्टीत तेच नाव राहिलं, हे तर नेहमीचंच. डीपी राहतो, ग्रुपमध्ये तिसऱ्याचाच नंबर राहतो, वरून डोकावलेलं बँकेचं नोटिफिकेशन राहतं. नुसतं कापूनही भरवसा नाही: गूगल पिक्सेल फोनच्या एडिटरने कापलेल्या स्क्रीनशॉटमधला उडवलेला भाग परत मिळवता येतो, असं २०२३ मध्ये उघड झालं. म्हणून झाकून झालं की त्या चित्राचाच नवा स्क्रीनशॉट घ्या, दुसऱ्या फोनवर पाठवा आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवून, बोटांनी मोठं करून बघा.