थंडीतले ॲव्हरेज आणि दहा मिनिटांचा सल्ला : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कार्तिक सरत आला की साताऱ्यात मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला, आणि तिन्ही वेळा पाठवणाऱ्याने ‘उपयुक्त माहिती’ असे त्यावर आवर्जून लिहिले होते. संदेशाचा आशय असा : थंड हवेत ऑक्सिजन जास्त असल्यामुळे हिवाळ्यात मोटारसायकलचे ॲव्हरेज लिटरमागे पाच ते दहा किलोमीटरने वाढते, मात्र त्यासाठी सकाळी गाडी दहा मिनिटे जागेवर चालू ठेवून गरम करावी, पेट्रोल पहाटेच भरावे, टायरमधली हवा पाच पीएसआयने कमी करावी, जाड ऑइल टाकावे आणि घाट न्यूट्रलवर उतरावा.

पहाटे डेअरीवर दूध घालायला, एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला किंवा कॉलेजला निघणारी माणसे महिन्याचे पेट्रोल मोजूनमापून भरतात, आणि असा सल्ला सगळ्यांत मनापासून तीच पाळतात. संदेशातले एकेक वाक्य तपासून पाहावेसे वाटले ते त्यांच्यासाठी.

आधी ऑक्सिजनचा मुद्दा घेऊ. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण थंडीत वाढत नाही. ते बारा महिने सुमारे २१ टक्केच असते. वाढते ती हवेची घनता. एकाच गावातली १० अंश सेल्सिअसची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी दाट असते, आणि त्यामुळे थ्रॉटल (ॲक्सिलरेटर फिरवला की उघडणारी हवेची झडप) पूर्ण उघडलेला असताना सिलिंडरमध्ये तेवढी जास्त हवा जाते, हे खरे आहे. परंतु पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल ठराविक प्रमाणातच जळते. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे असते. हवा जास्त गेली की पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त जाते, आणि हाती येते ती जास्त ताकद. थंड सकाळी गाडी चांगली खेचते असे जे वाटते ते यामुळे, आणि तो अनुभव खोटा नाही. मात्र ताकद वाढली म्हणून ॲव्हरेज वाढत नाही. ताशी ४५ किलोमीटरच्या स्थिर वेगाने जायला गाडीला जेवढी ताकद लागते तेवढीच ती घेते. हवा दाट असेल तर आपला हात नकळत थ्रॉटल किंचित कमी करतो, आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढून घेण्यात इंजिनाची जी ताकद वाया जाते ती थोडी वाढते.

याच दाट हवेची दुसरी बाजू संदेशात आलेलीच नाही. जी हवा इंजिन आत घेते तीच हवा गाडीला आणि गाडीवरच्या माणसाला समोरून अडवते. हवेचा विरोध घनतेच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साताऱ्याहून कराडला महामार्गाने साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्याला थंड सकाळी हा विरोध उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी जास्त सोसावा लागतो, आणि अंगावर फडफडणारे जर्किन किंवा खांद्यावरून सुटलेली शाल असेल तर त्याहूनही जास्त.

आणि दाट हवेचा एवढाच भरवसा असेल तर आपल्या भागात थंडीपेक्षा उंचीचा विचार आधी करायला हवा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, सांगली सुमारे ५५० मीटरवर. हिशेब केला तर महाबळेश्वरच्या १० अंशांच्या पहाटेची हवा घनमीटरला सुमारे १.०६ किलो भरते आणि सांगलीच्या ३५ अंशांच्या दुपारची सुमारे १.०७ किलो. म्हणजे वेण्णा तलावाकाठची कडाक्याची थंडीसुद्धा सांगलीच्या उन्हापेक्षा विरळच हवा देते. थंड हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन हे समीकरण वाई ते पाचगणी एवढा पसरणी घाट चढेपर्यंतही टिकत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळण्याचे काम कार्बोरेटर करतो, आणि अशा गाडीला हवेची घनता कळत नाही. थंडीत हवा दाट झाली की कार्बोरेटरचे मिश्रण आपोआप थोडे हलके होते, म्हणजे हवेच्या मानाने त्यात पेट्रोल कमी पडते, आणि एखादी गाडी मुळातच जास्त पेट्रोल पीत असेल तर तिला त्याचा किंचित फायदा होऊ शकतो. पण नीट जुळवलेली गाडी अशा वेळी थ्रॉटल देताना अडखळते, मालक गॅरेजवाल्याकडे जातो, तो स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवून देतो, आणि तो स्क्रू मग उन्हाळाभर तसाच राहतो. १ एप्रिल २०२० पासून धुरातल्या प्रदूषणाचे बीएस ६ हे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारे फ्युएल इंजेक्शन आले; त्यांत हा प्रश्न उरत नाही, कारण तापमान आणि हवेचा दाब पाहून पेट्रोल किती सोडायचे हे गाडीतला छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो.

आता दहा मिनिटे जागेवर गाडी गरम करण्याचा सल्ला. संदेशातला सर्वांत जास्त पाळला जाणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला हाच आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

थंडीत ॲव्हरेज घटते हे खरे आहे, आणि त्याचे मुख्य कारण बाहेरच्या हवेपेक्षा थंड इंजिनात आहे. थंड पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्याचे थेंब इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) आणि सिलिंडरच्या थंड भिंतींना चिकटतात. इंजिन बंद पडू नये म्हणून चोक ओढून किंवा इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूच्या हुकमाने गरजेपेक्षा बरेच जास्त पेट्रोल द्यावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्समधले ऑइल घट्ट असते, चेनचे वंगण घट्ट असते, आणि हे सगळे ढकलण्यात ताकद जाते. म्हणजे प्रश्न खरा आहे. संदेशाने सांगितलेला उपाय चुकला आहे. जागेवर चालणाऱ्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते फार सावकाश तापते, आणि त्या सगळ्या वेळात जास्त पेट्रोलचे मिश्रणच जळत राहते. जागेवर उभ्या गाडीचे ॲव्हरेज शून्य असते, आणि दहा मिनिटे ते शून्यच राहते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, चेन आणि टायर जागेवर अजिबात गरम होत नाहीत. ते गाडी चालल्यावरच होतात.

इंजिनाचे नुकसान वेगळेच. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि पिस्टनच्या रिंगच्या फटीतून खाली ऑइलमध्ये मिसळते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. थंड सकाळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर बहुधा याच पाण्याची वाफ असते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु यातली काही वाफ इंजिनात उतरते आणि तिचे पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. इंजिन पूर्ण तापले तर ती उडून जाते, न तापले तर साठत राहते. ऑइलच्या झाकणाखाली दुधट, साईसारखा थर दिसला तर गाडी रोज थंडच चालवली आणि थंडच बंद केली जाते असे समजावे.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट धुराची. आमच्या पेठेत कितीतरी गाड्या घराच्या बोळात किंवा पडवीत लावलेल्या असतात. शेजारचे काका गेली काही वर्षे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडी तिथेच चालू करून आत चहा घ्यायला जात, आणि बोळात उघडणाऱ्या खिडकीखाली त्यांची नातवंडे झोपलेली असत. थंड इंजिनाच्या जास्त पेट्रोलच्या मिश्रणातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक निघतो, आणि तो कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याखेरीज नीट कामाला लागत नाही. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. मी काकांना हे एकदा समजावून सांगितले. तेव्हापासून ते गाडी ढकलत रस्त्यावर आणतात आणि तिथे चालू करतात. गाडी जागेवर चालू ठेवण्याचा सल्ला देणारा संदेश पुढे पाठवणाऱ्याने या एका गोष्टीचा तरी विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग करावे काय? इंजेक्शनच्या गाडीला वीस-तीस सेकंद पुरतात. कार्बोरेटरच्या गाडीला चोक ओढून किक मारावी, अर्धा-एक मिनिटात इंजिन एका लयीत आले की चोक आत ढकलावा आणि निघावे. पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न करता, मधल्या वेगाने जावे. चोक ओढलेलाच राहिला तर पेट्रोल तर जातेच, प्लगही काळा पडतो. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, म्हणून ज्या गाडीला किक आहे तिला पहिल्यांदा किकनेच चालू करणे चांगले.

घट नेमकी किती, याचा अंदाज यावा म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने प्रसिद्ध केलेले आकडे पाहू. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत पेट्रोल मोटारीचे ॲव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते, आणि फेरी पाच-सहा किलोमीटरचीच असेल तर ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ते आकडे मोटारींचे आहेत आणि सातारा काही उणे सातवर जात नाही; त्यामुळे आपल्याकडची घट यापेक्षा पुष्कळ कमी असणार. पण दिशा स्पष्ट आहे, आणि छोट्या फेरीचे गणितही. सकाळी डेअरीला जाऊन परत यायचे, तासाभराने पोराला शाळेत सोडायचे, मग पुन्हा पेपर आणि भाजी, अशा दोन-दोन किलोमीटरच्या चार थंड फेऱ्यांपेक्षा एकदाच आठ किलोमीटर फिरून ही कामे उरकली तर जे पेट्रोल वाचते, ते वाचवण्याची ताकद संदेशातल्या एकाही सल्ल्यात नाही.

पेट्रोल पहाटे भरले तर जास्त मिळते, या समजुतीमागचे तत्त्व बरोबर आहे आणि हिशेब चुकलेला. पेट्रोल दर १० अंशांना सुमारे १ टक्का प्रसरण पावते. परंतु पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान पहाट ते दुपार जवळपास हलत नाही. फरक एका अंशाचा धरला तरी पाच लिटरमागे पाच मिलिलिटर होतात, म्हणजे लिटरला ५० देणाऱ्या गाडीसाठी २५० मीटर. त्यासाठी थंड इंजिन घेऊन पंपापर्यंत वेगळी फेरी मारली तर तेवढे पेट्रोल पहिल्या वळणालाच संपते.

हिवाळ्यातल्या घटीचे खापर काही जण इथेनॉलवर फोडतात. आपल्या कारखान्यांच्या उसापासून होणारे इथेनॉल २० टक्के मिसळले की त्या लिटरातली ऊर्जा साधारण ७ टक्क्यांनी कमी होते, हे खरे. पण तो फरक बारमाही आहे. थंडीशी त्याचा संबंध एवढाच, की इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून पहिली किक कधी कधी वाया जाते. हंगामाचा खरा परिणाम पाहायचा तर रस्त्यावर पाहावा : गाळप सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरवर रांगत जाण्यात जे पेट्रोल जाते, ते कुठल्याच संदेशात मोजलेले नसते.

टायरची हवा कमी करण्याचा सल्ला तर उलटाच आहे, कारण थंडीत ती आपोआप कमी होते. दुपारी ३० अंशांना २८ पीएसआय भरलेली हवा पहाटे १२ अंशांना सुमारे अडीच पीएसआयने उतरते. त्यात संदेशाचे पाच वजा केले की टायर वीस-एकवीसवर येतो. असा टायर रस्त्यावर पसरून घासतो, पेट्रोल खातो, आणि यवतेश्वरच्या घाटातल्या वळणावर गाडी हेलकावते. पकड वाढत नाही, ताबा जातो. थंडीत दर पंधरवड्याला, गाडी फार न चालवता, टायर थंड असतानाच हवा तपासावी. आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

जाड ऑइलबद्दल थोडक्यात. ऑइलच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते; त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठी (विंटर) आहे, आणि त्याआधीचा आकडा जेवढा लहान तेवढे ते ऑइल थंडीत लवकर वाहते. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितले असताना २०डब्ल्यू-५० टाकले तर इंजिन ‘गरम राहत’ नाही; ते जड फिरते आणि पहिल्या काही क्षणांत ऑइल वरपर्यंत उशिरा पोचते.

राहिला घाट. कार्बोरेटरच्या गाडीत न्यूट्रलवर उतरताना थोडे पेट्रोल वाचत असेल, एवढे मी नाकारत नाही. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मात्र गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की ईसीयू पेट्रोल तोडतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलवर टाकले तर इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे नव्या गाडीवर ही युक्ती उलटी पडते. पण प्रश्न पेट्रोलचा नाहीच. केळघर किंवा आंबेनळीचा उतार, पहाटेचे धुके, दवाने ओला झालेला रस्ता, आणि इंजिनाचा ब्रेक काढून घेतलेली, डबलसीट भरलेली गाडी : सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि वळणावर ऐनवेळी गिअर सापडत नाही. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर तो उतरावा, हे आपल्या वाडवडिलांनी एसटीच्या ड्रायव्हरकडून शिकलेले शहाणपण आहे, आणि ते इंजेक्शनच्या काळातही तितकेच बरोबर आहे.

‘पण माझे ॲव्हरेज खरेच वाढले’ असे सांगणारे भेटतात. त्यांतले बरेच जण हिवाळ्याची तुलना पावसाळ्याशी करत असतात, आणि कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ते वाढलेले दिसणारच. दुसरी गफलत मोजण्याची. टाकी ‘फुल्ल’ म्हणजे कुठवर, यात एका वेळी ३०० मिलिलिटरचा फरक सहज पडतो; पाच लिटरच्या भरण्यात तो ६ टक्के होतो, आणि लिटरला ६० देणारी गाडी त्यामुळे साडेतीन किलोमीटर वर किंवा खाली दिसते. म्हणून एकाच पंपावर, गाडी सरळ स्टँडवर उभी करून, टाकीतल्या एकाच खुणेपर्यंत भरावे आणि निदान चार भरण्यांची बेरीज करून भागाकार करावा. वहीत किलोमीटर आणि लिटर यांच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवून त्या आठवड्यात छोट्या फेऱ्या किती झाल्या तेही लिहावे. आकडा खाली-वर होण्याचे कारण बहुतेकदा त्याच रकान्यात सापडते.