‘इंटरनेटवरून साभार’ म्हणजे नेमके कुणाचे आभार?

वाद पेटला तो मास्तरांच्या माहितीपटावरून. पक्ष्यांवरचा छोटा माहितीपट, आधी शाळेतल्या मुलांना दाखवायचा आणि मग यूट्यूबवर टाकायचा. शेवटच्या पाटीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘छायाचित्रे व ध्वनी : इंटरनेटवरून साभार’. आमच्यातली ताई स्वतः पक्ष्यांचे फोटो काढते. तिनं एवढंच विचारलं, “मास्तर, आभार कुणाचे मानलेत हे?”

मास्तर म्हणाले, “अगं, नावं कुठे शोधत बसू? फोटो तर दिसतातच सगळ्यांना.”

“दिसणं वेगळं आणि वापरायची मुभा वेगळी,” वकील मध्ये पडला. “फोटोखाली काहीच लिहिलेलं नसलं तर सगळे हक्क काढणाऱ्याचेच. त्यासाठी त्याला नोंदणी करावी लागत नाही की गोलातला सी छापावा लागत नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दलच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराचे जवळजवळ सगळे देश हेच मानतात.”

“पण मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा फिल्टर लावूनच घेतलेत सगळे!” मास्तर जरा दुखावले होते, आणि त्यात चूक काही नव्हती. फिल्टर लावणारेही कमीच असतात.

“कुठलं क्रिएटिव्ह कॉमन्स?” वकिलानं विचारलं, आणि खरी चर्चा इथून सुरू झाली. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर वापरायला सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी. २००२ साली हे परवाने पहिल्यांदा आले. आज त्यांचे सहा प्रकार आहेत, शिवाय सगळे हक्क सोडून देणारं सीसी-झिरो वेगळं. ‘बाय’ असेल तर नाव द्या आणि वापरा. ‘एसए’ जोडलं असेल तर त्यावरून तुम्ही जे नवं कराल तेही त्याच अटींवर खुलं ठेवा. ‘एनसी’ असेल तर धंद्यासाठी नको. ‘एनडी’ असेल तर जसंच्या तसं द्या, बदललेलं पुढे देऊ नका.

मास्तरांनी लॅपटॉप उघडला आणि एकेक मूळ पान काढायला लागले. पहिलीच अडचण पक्ष्यांच्या आवाजात निघाली. ते झेनो-कँटोवरून घेतले होते. जगभरच्या पक्ष्यांचे आवाज तिथे मिळतात, पण प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा असतो आणि पुष्कळांवर ‘एनडी’ असतं. मास्तर म्हणाले, “मी आवाजाला हातही लावलेला नाही. आहे तसाच चित्रामागे टाकलाय.”

“तेच चालत नाही,” वकील म्हणाला. “परवान्याच्या मजकुरात स्पष्ट आहे. गाणं, वादन किंवा ध्वनिमुद्रण हलत्या चित्राशी वेळ जुळवून लावलं की ते रूपांतर धरलं जातं. एक सेकंदही कापला नसला तरी. म्हणजे एनडी आवाज व्हिडिओमागे लावून तो व्हिडिओ प्रसिद्ध करता येत नाही.”

आम्ही सगळेच गप्प झालो. मला हे कलम फार महत्त्वाचं वाटतं, कारण व्हिडिओ करणाऱ्या बहुतेकांना ते माहीतच नसतं. आणि त्याची दुसरी बाजूही आहे. ‘बाय-एसए’ची धून लावली की प्रसिद्ध होणारा माहितीपटही ‘बाय-एसए’ करावा लागतो. मग त्याच माहितीपटात ‘बाय-एनसी-एसए’ची दुसरी धून घालता येत नाही, कारण दोन्ही परवान्यांच्या अटी एकदम पाळणं शक्यच नाही. म्हणून व्हिडिओसाठी संगीत शोधताना पहिल्यापासून ‘बाय’ किंवा ‘सीसी-झिरो’ एवढंच शोधावं. फ्रीसाउंड या आवाजांच्या संकेतस्थळावर परवान्यानुसार चाळणी लावता येते. आणि जुन्या सिंफनीच्या बाबतीत एक लक्षात ठेवायचं, रचना मुक्त झाली म्हणून परवाच्या वाद्यवृंदानं केलेलं तिचं ध्वनिमुद्रण मुक्त होत नाही.

मग ‘एनसी’वरून ताई आणि वकिलाची जुंपली. मास्तरांनी काही फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरून घेतले होते. तिथे आपण काही बदललं नाही तर परवाना ‘बाय-एनसी’ हाच असतो. छोट्या म्हणाला, “मास्तर कुठे पैसे कमावतायत? वापरू दे की.”

“पण यूट्यूब आपणहून जाहिरात लावतं ना,” ताई म्हणाली. “मास्तरांना दमडी मिळाली नाही तरी माझ्या फोटोशेजारी कुणाचा तरी माल खपवला जाणारच. मी एनसी लावते ते त्यासाठीच.”

वकिलाला हे पटेना. “मजकूर बघ. वापर मुख्यतः आर्थिक लाभासाठी आहे का, एवढंच तो विचारतो. वापरणारा कोण, हे तो विचारत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ग्रेट माइंड्स विरुद्ध फेडएक्स खटल्यात हाच मुद्दा होता. एनसी परवान्याचं शालेय साहित्य शाळांनी पैसे देऊन फेडएक्सकडून छापून घेतलं. अपील न्यायालय म्हणालं, यात परवान्याचा भंग नाही, कारण वापर शाळांचा होता, छापणारा फक्त त्यांच्या वतीनं काम करत होता.”

“तो छपाईचा निकाल झाला. जाहिरातींचा नाही,” ताई म्हणाली. माझ्या मते तिचं बरोबर होतं. रेषा जिथे पुसट आहे तिथे फोटोवाल्याला दोन ओळींचं पत्र लिहून विचारावं. परवाना ही किमान परवानगी असते, त्याहून जास्त तो माणूस आनंदानं देऊ शकतो.

पण वकिलाचा पुढचा मुद्दा ताईला लागला. “एनसीमुळे तू जाहिरातवाल्यांना अडवतेस, मान्य. पण विकिपीडियाला चित्रं पुरवणारं विकिमीडिया कॉमन्स एनसी आणि एनडी दोन्ही घेत नाही. म्हणजे त्या पक्ष्याच्या विकिपीडिया लेखात तुझा फोटो कधीच लागणार नाही.” ताई थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, “पक्ष्यांचे काही ‘बाय-एसए’ करेन. माणसांचे नाही. त्यांच्या चेहऱ्यावर माझा हक्क नाही.” हेही खरंच. हा परवाना छायाचित्रकाराच्या हक्कापुरता असतो, फोटोतल्या माणसाची संमती त्यात येत नाही. आणि एकदा दिलेला परवाना, अटी पाळणाऱ्याकडून परत घेता येत नाही, म्हणून देणाऱ्यानंही विचार करूनच द्यावा.

एका फोटोवर मात्र ताईनं सरळ बोट ठेवलं. पानावर ‘बाय’ लिहिलं होतं, पण त्याच खात्यावर पन्नास तऱ्हांचे फोटो होते आणि या फोटोच्या कोपऱ्यातली सही कापलेली दिसत होती. उलटा चित्रशोध केला, म्हणजे तोच फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधलं, तेव्हा मूळ फोटो दुसऱ्याच माणसाच्या पानावर सापडला, सर्व हक्क राखीव. ज्याचा हक्कच नाही त्यानं दिलेल्या परवानगीला अर्थ नाही. खुल्या परवान्यांचं साहित्य शोधून देणारा ओपनव्हर्ससारखा शोध फार उपयोगी आहे, पण तो मूळ पानापर्यंत नेऊन सोडतो. तिथे जाऊन वाचायचं काम आपलंच.

छोट्यानं विचारलं, “आणि चुकलं तर? लगेच नोटीस?” या परवान्यांच्या ४.० या आवृत्तीत, २०१३ पासून, चूक कळल्यावर ३० दिवसांत दुरुस्त केली तर हक्क आपोआप परत मिळतात. तरी आधी झालेल्या भंगाची भरपाई मालक मागू शकतो. जुन्या आवृत्त्यांत ही सवलत नाही. नावात छोटी चूक झाली म्हणून मोठी रक्कम मागणारे काही लोक नेमके जुन्या आवृत्त्याच वापरतात. म्हणून आवृत्तीचा आकडाही बघायचा आणि उतरवून घेतलं त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवायचा. अनस्प्लॅश या फुकट फोटोंच्या संकेतस्थळानं २०१७ मध्ये सीसी-झिरो सोडून स्वतःचा परवाना आणला. त्याआधी फोटो घेतलेल्यांना अशी नोंदच कामी येते.

मग मास्तरांनी ती पाटी पुसली आणि आम्ही नवी लिहायला बसलो. प्रत्येक फोटोसाठी शीर्षक, काढणाऱ्याचं नाव, मूळ पानाचा दुवा, परवान्याचं नाव आवृत्तीसह, आणि ‘कडा कापल्या आहेत’ असा बदल. छोट्याला ती यादी फार लांब वाटली. वकील म्हणाला, “परवाना वाजवी पद्धत चालवून घेतो. पडद्यावर नावं द्या, बाकीचे दुवे व्हिडिओखालच्या वर्णनात टाका.”

एनडीचे तीन आवाज काढावे लागले. दोन सीसी-झिरोमध्ये मिळाले. तिसऱ्यासाठी मास्तरांनी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तिथेच पत्र लिहायला घेतलं, आणि ताई त्यांना सांगत बसली की माहितीपट कशासाठी आहे ते पहिल्याच ओळीत लिहा.