बर्फ जमण्यापूर्वी कारंजे काढून ठेवावे

आमच्या परसातल्या तळ्यासाठी जे कारंजे आले, त्याच्या माहितीपुस्तकातली सगळ्यात जास्त पाने हिवाळ्यावर खर्ची पडली आहेत. तळे गोठण्यापूर्वी पंप बाहेर काढा, नळ्यांतले पाणी पूर्ण निपटून टाका, हवेचे दगड, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड, तळातून उचलून उथळ जागी ठेवा, म्हणजे वर बर्फ धरला तरी बुडबुड्यांमुळे एक भोक उघडे राहील आणि खालचे वायू कोंडणार नाहीत. फोंड्यात डिसेंबर आला की आम्ही पंखा पाचावरून तीनावर आणतो, त्यापलीकडे हिवाळ्याची तयारी आम्हाला ठाऊक नाही. पावसाळ्यासाठी मात्र पुस्तकात एकच ओळ आहे. 'अतिवृष्टी झाल्यास पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवावे.' गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमचे तळे दोन फूट खोल. नुसत्या आभाळातून पडलेल्या पाण्याने ते वर्षात पाचदा भरते, पागोळ्यांचे वेगळेच. त्या पातळीवर मी लक्ष ठेवतोच, पण पातळी माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

कारंजे मुलाने बंगळुरूहून पाठवले. 'बाबा, निवृत्तीनंतर पाण्याचा आवाज ऐकत निवांत बसा.' सोबत हवेचा पंप, नळ्या, दगड आणि सहा रंगीत कोई मासे घेण्याचा सल्लाही दिला. मासे आम्ही घेतले. निवांतपणा सोबतच्या सामानात निघाला नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात. कारंजे शोभेचे असते ही पाहुण्यांची समजूत; माशांच्या लेखी तो श्वास आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात दिवसा प्राणवायू देणारे शेवाळ रात्री तोच परत ओढून घेते, त्यामुळे पहाटे, उजाडायच्या आधी, तळ्याची तिजोरी अगदी तळाला गेलेली असते. मे महिन्यात वीज नेमकी याच मुहूर्तावर जाते.

मग ही मला हलवून उठवते. "अहो, मासे बघा, वर येऊन 'आ' करताहेत." मी बॅटरी घेऊन परसात. सहाच्या सहा तोंडे पृष्ठभागावर, आणि सहाही माझ्याकडेच. वीज नसताना पाण्यात हवा घालायचा एकच उपाय माझ्याजवळ आहे. कळशी बुडवायची, हात वर करायचा आणि उंचावरून धार सोडायची. बुडबुड्यांपेक्षा जास्त काम पाण्याचा पृष्ठभाग ढवळण्याने होते, हे त्याच पुस्तकात लिहिले आहे, आणि त्यातली ही एवढीच ओळ मला आजवर उपयोगी पडली. तर पहाटे चारला, बनियन-पंचावर, मी कळशीने धार धरून उभा होतो आणि शेजारचे नाना फुले काढायला कुंपणाशी आले. दोन मिनिटे मुकाट्याने बघून म्हणाले, "कसला अभिषेक म्हणायचा हा? संकल्प कोणी सांगितला?"

वीज आली की प्रश्न संपत नाही, पंपाचा सुरू होतो. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा लागतो, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे चढून पंपातच शिरते. उंच म्हणून मी तो माडाच्या बुंध्याला खोक्यात बसवला. उंच जागा मुंग्यांनाही पसंत पडली. इलेक्ट्रिशियनला फोन केला. "फाल्यां येतां, बाब." म्हणजे उद्या येतो. तो आला तेव्हा आंब्याचा मोसम ओसरत आला होता. खोके उघडून, आतल्या वसाहतीकडे पाहून त्याने निर्विकारपणे निकाल दिला, "बाब, हो लासला." म्हणजे पंप जळाला.

पाऊस लागण्याआधी तळ्याचा गाळ काढावा लागतो. कुजलेली पाने प्राणवायू खातात, आणि तळाशी त्यांचा जाड थर साचला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. सगळे पाणी बदलायचे नसते. थोडे जुने पाणी पिंपात काढून ठेवायचे, मासे त्यात सोडायचे, मग आत उतरायचे. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढात चिखलकाला होतो, तिथे चिखलात लोळायला माणसे आनंदाने जमतात, वाद्ये वाजतात. माझ्या चिखलकाल्याला प्रेक्षक म्हणून फक्त ही, तीही नाकाला पदर लावून, वरून बोट दाखवत, "तिकडे राहिला."

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तळ्याला कारंज्याची गरज उरत नाही. प्रत्येक थेंब हवा घेऊनच पडतो. तेव्हा पंप बंद ठेवून आडवे व्हावे, असा माझा बेत असतो. पण ते दिवस मासेमारीबंदीचे. १ जून ते ३१ जुलै. बाजारात ताजी मासळी दुर्मीळ, सुक्या बांगड्यांवर दिवस काढायचे, आणि आमच्या तळ्यात मात्र हातभर लांबीचे, धष्टपुष्ट, जिवंत मासे संथपणे फिरताहेत. बंदीच्या दुसऱ्या आठवड्यापासून लोकांच्या नजरा बदलतात. एरवी 'रंग काय सुंदर!' म्हणणारे गृहस्थ तळ्याकाठी उकिडवे बसून विचारतात, "हे हुमणाक चलतले मूं?" म्हणजे माशांच्या आमटीला चालतील ना? मी हसतो. ते हसत नाहीत.

शिवाय पाणी तुंबले की डास. आरोग्य खात्याचा माणूस टॉर्च घेऊन आला आणि त्याने तळ्याकाठी ठेवलेली कारंज्याची रिकामी बालदी आधी उपडी केली. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि हलत्या पाण्यात डास सहसा अंडी घालत नाहीत, हे त्याने मला समजावले. म्हणजे पावसात माशांसाठी कारंजे नको, पण डासांसाठी हवे. लावले, तर गडगडाट झाला की विजेची गळती पकडणारा खटका पडतो आणि कारंज्याबरोबर स्वयंपाकघरातला फ्रीजही बंद. तो खटका ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो आणि माणसाचा जीव वाचवतो, हे मी हिला सांगितले. ती म्हणाली, "दूध नासले, त्याचे काय?"

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबईची मंडळी येणार, म्हणून कारंजे चालायलाच हवे. श्रावण संपता संपता मी पंप उघडला. आधी प्लग काढला, मगच पाण्यात हात घातला. या एका बाबतीत मी पुस्तकापेक्षा कडक आहे. झाकण फिरवले की आत फिरकी, तिच्या पोटात लोहचुंबक, आणि आरपार चिनी मातीचा दांडा, पेन्सिलीतल्या शिशाएवढा. फिरकीच्या पात्यांत शेवाळाचे धागे आवळून बसलेले, आणि त्या धाग्यांत एक गोगलगाय, बहुतेक गोल गोल फिरून भोवळ आलेली. जुन्या टूथब्रशने धागे उलटे उकलायचे, दांडा न मोडता. श्वास रोखून हे करताना मागून हिचा आवाज, "तो ब्रश कुणाचा?"

पाणी गाळणारा स्पंज धुणे हा आमच्याकडे वादाचा विषय. तो तळ्याच्याच पाण्यात पिळायचा, कारण माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात राहतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. "घाण पाण्यात धुतले तर स्वच्छ कसे होणार?" असे ही विचारते आणि शास्त्राची बाजू घेऊन मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही.

नोझलच्या भोकांत तांबूस कीट धरले होते. पुस्तक म्हणते, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा. घरात होती सोलां, म्हणजे आमसुले. आंबट ते आंबट. पातेल्यात सोलांचे दाट पाणी करून त्यात नोझल बुडवले आणि ओट्यावर ठेवले. दुपारी आलेल्या भाच्याने फुटी कढी, म्हणजे नारळाविना केलेली सोलकढी, समजून पळी घातली. खालून 'खट्ट' असा आवाज आला. तेव्हापासून तो आमच्याकडे कुठलीही कढी आधी ढवळून बघतो.

तिकडे सांगे तालुक्यात नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे. दगडी पायऱ्या, निवळ पाणी, आणि तळातून बारा महिने आपोआप बुडबुडे. टाळ्या वाजवल्या की वाढतात म्हणतात. ना पंप, ना नळी, ना मुंग्या. मी काठावर बसून कौतुकाने नाही, शुद्ध मत्सराने पाहत होतो.

चवथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळी जोडणी झाली. माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळाफुलांचे छत, बांधून माणसे ओसरीवर टेकलेली. मी स्विच दाबला. पंप घुरघुरला, दोनदा उचकी लागली, आणि पाणी उठले, चांगले चार फूट, पसरट, अगदी डब्यावरच्या चित्रातल्यासारखे. मी कुणी काही बोलते का म्हणून ओसरीकडे वळलो. तेवढ्यात दादरची आत्या लगबगीने मागच्या दारी गेली, स्विच खटकन खाली केला आणि पदराला हात पुसत परत आली.

"अरे, परसात नळ उघडा टाकला होता कुणीतरी," ती म्हणाली. "बरे झाले मला आवाज आला, नाहीतर अख्खी टाकी रिकामी झाली असती."