'चांदीतलं कळत नाही' म्हणणाऱ्या वाचकांस

मागच्या पोस्टखाली एका वाचकांनी (टोपणनावाने, अर्थातच) भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीय. म्हणणं थोडक्यात असं, की मी फोटोत दाखवलेल्या गोल ब्रोचवरचा 'आर सी' शिक्का (आर सी म्हणजे रॉबर्ट क्रूकशँक, कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा जुना सोनार) म्हणजे पुरावा नव्हे, तो कुणीही मारू शकतो. ब्रोच माझ्याकडे आलं कुठून ते मी लिहिलेलं नाही. फर व्यापारातली असली चांदी (उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या, म्हणजे नेटिव्ह, लोकांकडून जनावरांची कातडी घेऊन कंपन्या बदल्यात द्यायच्या ती) त्या लोकांच्या कबरी उकरूनही बाजारात आलीय. जर्मन सिल्व्हरबद्दल मी चुकीचं लिहिलंय. आणि शेवटी हे वाक्य: "क्रूकशँकसारखा नावाजलेला सोनार असलं ओबडधोबड काम करेलच कसा, ज्यांना चांदीतलं कळत नाही त्यांनी यावर लिहू नये."

आधी चूक कबूल करतो. जर्मन सिल्व्हरमध्ये 'थोडी चांदी असते' असं मी लिहिलं होतं. अजिबात नसते, तांबं, जस्त आणि निकेल, बस्स. मोबाईलवर घाईत टाईप केलं, दुरुस्त केलंय, धन्यवाद. हेच दोन ओळींत सांगता आलं असतं, पण असो.

आता ते 'चांदीतलं कळत नाही'. अहो साहेब (किंवा मॅडम, नाव नाही तर कळणार कसं), माझे आजोबा हुपरीचे. कोल्हापूरजवळची हुपरी, तीच. सोप्यात भट्टी होती, तिथे बसून मी पाढे पाठ केलेत आणि टंच (चांदीचा कस) म्हणजे काय हे मला शाळेत जायच्या आधी कळत होतं. शेठ चांदी तोलून द्यायचा, पैंजण तोलून न्यायचा आणि घट (घडवताना कमी झालेली चांदी) गुंजभर जास्त आली की दारात उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचा. तार एका घरात ओढली जायची, कड्या दुसऱ्या घरात, घुंगरू तिसरीकडे, आणि शिक्का पडायचा तो शेठचा. आजोबांनी आयुष्यभर पैंजण केले, एकावरही त्यांचं नाव नाही.

हे सगळं का सांगतोय, तर मॉन्ट्रियलला वेगळं काही चाललं नव्हतं. रॉबर्ट क्रूकशँक (वारला १८०९ साली) चर्चची भांडी करायचा, श्रीमंतांचे चमचे करायचा, आणि त्याच दुकानातून फर कंपन्यांसाठी ब्रोच, कानातली, दंडावरचे पट्टे, क्रॉस हजारांनी बाहेर पडायचे. त्याचा समकालीन पिएर ह्युगे तर मूळचा केसांचे टोप करणारा, नंतर चांदीत शिरला, आणि त्याचा 'पी एच' शिक्का आज कलेक्टर लोक (जुन्या वस्तू जमवणारे) भिंग लावून शोधतात. शिक्का मालकाचा, हात गड्याचा. तेव्हा 'क्रूकशँक असं काम करेलच कसा' हा प्रश्नच चुकीचा आहे, त्याने ते स्वतः केलं असेल असं मी म्हटलंच नव्हतं.

आणि ओबडधोबड म्हणजे काय हो? माझं ब्रोच सव्वा ग्रॅमचं आहे, पत्रा इतका पातळ की नखाने वाकेल. तो पातळच असणार, कारण माल बर्चच्या सालीच्या होड्यांतून आत जंगलात जायचा, होडी जिथे चालत नाही तिथे माणसं नव्वद नव्वद पौंडांची गाठोडी पाठीवर घ्यायची. वजन कमी आणि मोल जास्त अशी वस्तू व्यापाऱ्याला हवीच. घेणाऱ्यांनाही एक जड दागिना नको होता, बायकांच्या अंगातल्या कपड्यावर असली ब्रोच शेकड्यांनी लावलेली असायची.

ब्रोचच्या मागे ना फिरकी, ना पेच, ना डाग देऊन जोडलेलं काही. मधल्या भोकातून कापडाची चिमट वर ओढायची, तिच्यातून ब्रोचची काडी आरपार घालायची, काडीचं टोक समोरच्या कडेवर टेकतं. माझ्या ब्रोचवर नेमकी तिथे, काडी टेकते तिथे, बारीक खाच पडलीय, आणि काडी जिथे कड्याला गुंडाळलीय तिथे पत्रा घासून निम्म्यावर आलाय. ही झीज शिक्क्यासारखी एका ठोक्यात येत नाही. हे मी मागच्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, बरं, तेवढं मान्य.

नकली माल मला माहीत नाही असं समजू नका. पंधरा वर्षांपूर्वी एका जत्रेवजा बाजारात मी बीव्हर नावाच्या प्राण्याच्या आकाराचं पदक घेतलं, तोच 'आर सी' शिक्का, तीनशे ऐंशी डॉलर मोजले, बायको आठवडाभर बोलली नाही. घरी आणून भिंगाखाली धरलं तर सगळं पदक झिजलेलं आणि शिक्क्याच्या कडा मात्र नव्या नाण्यासारख्या धारदार. पितळ उघडं पडलं म्हणतात तसं, फक्त इथे चांदी खरी होती, वय खोटं होतं. ते पदक मी फेकलं नाही, ड्रॉवरमध्ये आहे, नव्या माणसाला दाखवायला बरं पडतं. तेव्हा शिक्का कुणीही मारू शकतो हे तुम्ही मला शिकवू नका, त्याची फी मी भरलीय.

कबरींचं म्हणाल तर तो मोठा विषय आहे, एका प्रतिक्रियेत मावणारा नाही. अमेरिकेत त्यासाठी १९९० चा कायदा आहे आणि वस्तू परत करायची त्यातली सक्ती म्युझियम आणि सरकारी संस्थांना आहे, सव्वा ग्रॅमचं ब्रोच बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला नव्हे. १८२१ ला हडसन्स बे आणि नॉर्थ वेस्ट या दोन फर कंपन्या एक झाल्या, चांदीची मागणी आटली, तोवर वापरात असलेलं कितीतरी घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. सगळं कबरीतलंच असतं असं नाही. यावर पुन्हा कधीतरी.

खरं दुखलं ते टोनमुळे. मतभेद असावेत, पण 'लिहू नये' म्हणजे काय? तुमच्या परवानगीने लिहायला मी बसलेलो नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा, मीही नावाने उत्तर देईन.

ब्रोचच्या मागच्या बाजूचा, त्या खाचेचा फोटो रविवारी टाकतो. कुठून घेतलं ते विचारलंत, तर एका म्हाताऱ्या कलेक्टरकडून घेतलं, त्याला कुठून मिळालं ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. पावती आहे. ती टाकणार नाही.